पावणेचार मीटरची सडक

धाराशिव जिल्ह्याच्या रस्त्यांचा विषय निघाला की बोलणं महामार्गांवर जातं. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येरमाळा करत बीडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२, नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादला जाणारा ६५, तुळजापूरहून औशामार्गे लातूरकडे निघणारा ३६१. टोल, उड्डाणपूल, अपघाती वळणं, सगळ्या बातम्या यांच्याच. पण जिल्ह्यातला माणूस रोज ज्या सडकेवर असतो, ती या महामार्गांना एखाद्या फाट्यावर सोडून आत वळते. दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ, मध्ये डांबराची पट्टी, पुढे गाव आणि गावापुढे वस्ती नाहीतर तांडा. अशा एकेरी ग्रामीण रस्त्याच्या डांबराची मानक रुंदी ३.७५ मीटर आहे. वर्दळ कमी असेल तिथे ३ मीटरही चालते. या पावणेचार मीटरवरून एसटी जाते, उसाची ट्रॉली जाते, काळी-पिवळी, छोटा हत्ती, वाळूचा हायवा जातो आणि शाळेची घंटा व्हायच्या आत पोचायला निघालेली सायकलवरची मुलगीही जाते.

सगळ्यांनी एकमेकांना सांभाळून जावं, एवढं म्हणून भागत नाही. ते नेमकं कसं करायचं हे कळायला आधी टेप घेऊन रस्ता मोजावा लागतो.

सायकलचा हँडल साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो. डांबराच्या कडेपासून चाक अर्धा मीटर आत ठेवून मुलगी चालली असेल, तर तिच्या हँडलचं उजवं टोक कडेपासून ८० सेंटिमीटरवर येतं. रस्ता उरला २ मीटर ९५ सेंटिमीटर. बोलेरोसारखी गाडी सुमारे पावणेदोन मीटर रुंद, आरसे वेगळे. तिने उजवी चाकं पार पलीकडच्या कडेला टेकवली, तरी तिच्यात आणि सायकलमध्ये राहतात १ मीटर २० सेंटिमीटर. एसटी अडीच मीटरची. ती तशीच कडेला लावली तर उरतात ४५ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम हातभर. शिवाय सायकल रुळावरून चालत नाही. ती सतत थोडी डावी-उजवी होत तोल धरते. वेग कमी असला, पाठीवर दप्तर असलं, समोरून वारा असला किंवा चढ असला की हे हेलकावे वाढतात. म्हणून सायकलस्वाराला जागा मोजताना हँडलपुरती धरून चालत नाही, किमान एक मीटर धरावी लागते. तेवढी धरली की एसटीसाठीची ती हातभराची फटही पाव मीटरवर येते.

याचा अर्थ सरळ आहे. पावणेचार मीटरच्या सडकेवर मोठं वाहन आणि सायकल, दोघंही डांबरावर राहून, सुरक्षितपणे शेजारून जाऊच शकत नाहीत. ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी जागा वाढत नाही. दोघांपैकी एकाने डांबर सोडायचं किंवा एकाने मागे थांबायचं, एवढेच मार्ग उरतात. मग कोणी सोडायचं आणि कोणी थांबायचं, हाच खरा प्रश्न आहे.

आजची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मागून हॉर्न वाजतो आणि सायकलवाला खाली उतरतो. शेतावर निघालेला म्हातारा, वाड्या-वस्त्यांवरची पोरं, सगळे निमूटपणे खाली उतरतात, कारण लहान वाहनाने मोठ्याला वाट द्यायची असं आपण गृहीत धरलं आहे. पण डांबराच्या कडेला नेमकं काय असतं ते पाहिलं की ही रीत किती उलटी आहे ते कळतं.

आपल्याकडची जमीन बऱ्याच भागात काळी, भारी. या मातीतल्या चिकणमातीचा गुण असा की पाणी प्याली की ती फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. पावसाळा-उन्हाळा हे चक्र दरवर्षी फिरतं. रस्ता करताना कडेला मुरमाची साइडपट्टी दाबून डांबराच्या पातळीला आणलेली असते. दोन-तीन वर्षांत ती खचते, पावसाने धुपते, ट्रॉलीच्या चाकांनी कुरतडली जाते. डांबराला चार बोटांपासून वीतभरापर्यंत उभी धार पडते. सायकल या धारेवरून खाली उतरते ती कशीबशी, पण खरा धोका परत वर येताना असतो. सायकल रस्त्याला जवळजवळ समांतर चाललेली असते, त्यामुळे पुढचं चाक धारेला बाजूने घासतं आणि वर चढत नाही. स्वार हँडल उजवीकडे दाबतो, चाक तिथेच अडतं, अंग मात्र उजवीकडे गेलेलं असतं. मग माणूस पडतो तो रस्त्याच्या बाजूला, नेमका मागून येणाऱ्या चाकांपुढे. पावसाळ्यात धार नसेल तिथे चिखल असतो, आणि काळ्या चिखलात सायकलचं बारीक चाक रुततं, घसरतं. उन्हाळ्यात तिथे बाभळीचे काटे असतात.

चारचाकीची गोष्ट वेगळी. तिचं टायर रुंद, तिला तोल सांभाळायचा नसतो, आणि वेग बैलगाडीएवढा आणला तर तिची एका बाजूची चाकं साइडपट्टीवर सहज उतरतात आणि सहज परत येतात. म्हणून माझं म्हणणं असं की, या सडकेवर डांबर सोडायची पाळी आली तर ते चार चाकांच्या वाहनाने सोडावं. आणि ते शक्य नसेल तिथे इंजिनवाल्याने मागे थांबावं, पायडलवाल्याने नव्हे.

थांबल्याने किती वेळ जातो? पुढे सायकल ताशी १५ किलोमीटरने चालली आहे आणि पुढची मोकळी, सरळ जागा २०० मीटरवर आहे असं समजा. तेवढं अंतर सायकलमागे जायला ४८ सेकंद लागतात. ताशी ५० ने ते १४ सेकंदांत झालं असतं. गेला तो अर्धा मिनिट. कळंबहून ढोकीला किंवा भूमहून परंड्याला निघालेल्या माणसाच्या प्रवासात हा अर्धा मिनिट कुठे सापडणारही नाही. उलट बाजूला पडणारी किंमत मोजायला घड्याळ पुरत नाही.

ओव्हरटेक करायचं तर कसं, तेही स्पष्ट असावं. समोर लांबवर रस्ता दिसतो आहे, वळण नाही, चढाचं टोक नाही, फरशी पूल किंवा मोरी नाही, समोरून कोणी येत नाही, हे पाहायचं. वेग उतरवायचा. उजवी चाकं साइडपट्टीवर घेता येतील अशी जागा निवडायची, पूर्ण पुढे निघून जायचं आणि आरशात सायकल दिसल्याशिवाय डावीकडे यायचं नाही. हा शेवटचा भाग बरेच जण विसरतात. फाट्यावर उतारू सोडायला काळी-पिवळी सायकलच्या पुढे जाते आणि लगेच डावीकडे कापून थांबते. सायकलवालीला मग ब्रेक लावायला वाव नसतो.

जिथे रस्ता साडेपाच मीटरचा झाला आहे तिथे गणित बदलतं, पण पूर्ण सुटत नाही. सायकल आणि गाडीच्या मध्ये दीड मीटर ठेवून जाता येतं, मात्र समोरून दुसरी गाडी येत नसेल तरच. सायकल, तिला मागे टाकणारी गाडी आणि समोरून येणारी गाडी या तिघांना एका रेषेत आणलं तर तिघांमध्ये मिळून सव्वा मीटरच मोकळा उरतो. समोरून दिवा दिसला की सायकलमागे राहायचं, इतकं साधं.

हा दीड मीटरचा आकडा मी मनाने घातलेला नाही. जर्मनीने २०२० पासून सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर २ मीटर अंतर कायद्यानेच ठरवून दिलं आहे. फ्रान्समध्ये गावात १ आणि बाहेर दीड मीटर आहे. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत २०२२ च्या दुरुस्तीने किमान दीड मीटर आलं, आणि वेग जास्त असेल तर त्याहून अधिक. आपल्याकडे २०१७ च्या मोटार वाहन चालनाच्या नियमांत ओव्हरटेक सुरक्षितपणे करायला सांगितलं आहे, वळणावर किंवा पुढचं दिसत नसताना करू नये हेही आहे. पण सायकलपासून किती मीटर, हा आकडा नाही. तो यायला हवा. आकडा लिहिलेला असला की लायसन्सच्या परीक्षेत विचारता येतो, पोलिसाला दाखवता येतो, आणि शाळेतल्या पोरांनाही पाठ होतो.

अंतर लागतं ते फक्त धक्का टाळायला नव्हे. मोठं वाहन हवा कापत जातं तेव्हा त्याच्या तोंडापाशी हवा बाहेर ढकलली जाते आणि अंगाशेजारून जाताना दाब कमी होऊन आत ओढ बसते. सायकलवाल्याला एका सेकंदात आधी डावीकडे ढकललं जातं आणि मग उजवीकडे खेचलं जातं. हा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ३० ने जाणाऱ्या हायवाचा वारा आणि ६० ने जाणाऱ्याचा वारा यांत चौपट फरक पडतो. ओरखडाही न उठता पोरगी खड्ड्यात जाते ती यामुळे. असं पडणं पोलिसांपर्यंत जात नाही, म्हणून अपघातांच्या आकड्यांतही येत नाही. आकड्यांत जे येतं तेही कमी नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदींप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं दगावली, त्यांत सायकलस्वार सुमारे ४,८०० होते. एकूण मृत्यूंपैकी दोन तृतीयांशांहून जास्त ग्रामीण भागात झाले, आणि बहुसंख्य अपघात वळणावर नाही, सरळ रस्त्यावर झाले. सरळ रस्त्यावर पाय ॲक्सिलरेटरवर दाबला जातो, हे त्यामागचं एक कारण असावं.

हॉर्नबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. आपल्या रस्त्यांवर हॉर्न ही सवय आहे, कित्येकदा सौजन्यही. पण सायकलच्या अगदी पाठीशी येऊन जोरात वाजवलेला हॉर्न नवशिक्या स्वाराला दचकवतो. तो उजव्या खांद्यावरून मागे वळून बघतो. मान आणि खांदा वळला की हात वळतो, हात वळला की हँडल उजवीकडे जातो. म्हणजे ‘बाजूला हो’ म्हणून वाजवलेला हॉर्न सायकलला नेमका गाडीच्या वाटेत आणतो. वाजवायचाच तर शंभर मीटर मागून, एकदा, थोडका. कर्णकर्कश प्रेशर हॉर्न तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनी केव्हाच मना केलेला आहे.

वेगाचंही एक गणित समजून घेण्यासारखं आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे महामार्गांखेरीज इतर रस्त्यांवर मोटारीची कमाल मर्यादा ताशी ७० आणि बस, मालवाहू गाड्या, मोटारसायकल यांची ६० आहे. ही वरची हद्द आहे, चालवायचा वेग नव्हे. ताशी ७० ने जाणाऱ्याला पुढचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर गाडी २९ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी सुमारे २७ मीटर. एकूण ५६. ताशी ४० असेल तर एकूण २६ मीटर पुरतात. आता रात्र झाली आहे असं धरा. डिपरवर हेडलाइटचा उपयोगी उजेड साधारण ४०-५० मीटर पडतो. म्हणजे ७० ने जाणारा माणूस आपल्याच उजेडाच्या पुढे पळतो आहे. मळकट कपड्यातला, दिवा नसलेला सायकलवाला त्याला दिसेपर्यंत थांबायला जागा संपलेली असते. मागच्या मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर मात्र शंभर मीटरच्या पलीकडूनही चमकतो. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. सायकलला नसेल तर दप्तरावर, कॅरियरवर, पायडलवर चकाकणाऱ्या टेपचा तुकडा लावा. पायडलवरचा वर-खाली होतो, त्यामुळे पुढे सायकल आहे हे लांबूनच ओळखू येतं.

आमच्या खेड्यांतले रस्ते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सुधारले, हे खरं आणि चांगलं. २००० साली पंतप्रधान ग्रामसडक योजना आली, २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या नावाची आली. पूर्वी जिथे खडी आणि धुरळ्यातून वीसच्या वर जाता येत नव्हतं, तिथे आता मोटारसायकल साठने पळते. रस्ता गुळगुळीत झाला, रुंद झाला नाही. खड्डे वेगाला जो आपोआप आवर घालत होते, तो निघून गेला आणि त्याच्या जागी दुसरा कुठला आवर आपण घातला नाही. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता चार टक्क्यांनी वाढते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गावच्या रस्त्यावर हा हिशेब सगळ्यात आधी सायकलवाल्याच्या नावावर मांडला जातो.

ऊस सुरू झाला की सगळं आणखी अवघड होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू होतं. ढोकी, रांजणी, केशेगाव, मुरूम या बाजूंच्या रस्त्यांवर मार्चपर्यंत ट्रॅक्टरची रांग तुटत नाही. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. ट्रॉलीची पेटी दोन-सव्वादोन मीटरची असली तरी ऊस बाहेर लोंबत असतो, म्हणजे ट्रॉलीची खरी रुंदी दिसते त्याहून जास्त धरायची. वळणावर मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाही, आतल्या बाजूला कापत जाते. वळणाच्या आत, ट्रॉली आणि बांधाच्या मध्ये सायकल घेऊन कधीही थांबू नये. तिथे ट्रॅक्टर निघून गेल्यावर जागा आहे असं वाटतं आणि दुसऱ्या ट्रॉलीचं चाक तीच जागा घेतं. ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात गाणी लावलेली असली तर ड्रायव्हरला मागचं आणि बाजूचं काही ऐकू येत नाही.

पोरांची एक सवय इथे उघडपणे सांगायला हवी. चढावर हळू झालेल्या ट्रॉलीची साखळी धरून सायकल ओढून घेणं, आणि चालत्या ट्रॉलीतून ऊस उपसणं. आपण सगळे हे बघत आलो, हसत आलो. पण साखळीला धरलेला हात सुटला तर सायकल आत, चाकांकडे वळते, कारण ओढ आतली असते. उपसलेला ऊस अर्ध्यात अडकला तर तो पोराला सोबत ओढतो. शाळांनी गाळप सुरू व्हायच्या आठवड्यात मुलांना हे एकदा नीट समजावून सांगितलं पाहिजे, आणि गावातल्या मोठ्यांनी ते दिसलं तर नजरेआड करू नये.

ट्रॉली आणि टायरगाडी यांच्यामागे रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा परिवहन विभाग, पोलीस आणि कारखाने दर हंगामात घेतात. पण चिखल आणि पाचट यांनी तो आठवडाभरात झाकून जातो. रात्री खेप घेऊन निघण्याआधी ड्रायव्हरने फडक्याने तो पुसला तरी मोठं काम होईल. रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन थांबलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली सायकल आणि मोटारसायकलवाल्यांना सगळ्यात घातक ठरते. मागे दगड लावून न थांबता मागच्या बाजूला पन्नास पावलांवर काहीतरी चकाकतं ठेवलं पाहिजे, आणि निघताना चाकाखालचे दगड रस्त्यातून उचलून टाकले पाहिजेत.

उसाच्याही आधी, दसऱ्याच्या सुमारास, सोयाबीन येतं. खळी राहिली नाहीत, म्हणून रास डांबरावर वाळत घातली जाते. शेतकऱ्याची अडचण मला कळते, दोन उन्हं मिळाली नाहीत तर दर पडतो. पण रास अर्धा रस्ता खाते आणि तिच्याभोवती दगडांची ओळ मांडलेली असते. उरलेल्या दोन मीटरमध्ये समोरासमोर आलेल्या पिकअप आणि सायकलने काय करावं? निदान वळणावर, पुलाजवळ आणि शाळेच्या वाटेवर रास घालू नये, आणि अंधार पडायच्या आत दगड उचलावेत.

आता सायकलवाल्यांसाठी. सायकल डाव्या बाजूनेच चालवायची. कित्येक आया पोरींना सांगतात, उजव्या बाजूने जा, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसेल. पायी चालणाऱ्यासाठी हा सल्ला बरोबर आहे, सायकलसाठी घातक आहे. ताशी ६० ने येणारी गाडी आणि १५ ने जाणारी सायकल एकाच दिशेने असतील तर त्यांच्यातलं अंतर ४५ च्या वेगाने कमी होतं. समोरासमोर असतील तर ७५ च्या. वळणावर ५० मीटरवर दिसलं, तर पहिल्या प्रकारात चार सेकंद हाती असतात, दुसऱ्यात जेमतेम अडीच. शिवाय पहिल्यात ड्रायव्हरला फक्त वेग कमी करायचा असतो, दुसऱ्यात दोघांनाही थांबावं लागतं.

दुसरं, अगदी कडेला चिकटून चालवू नका. अर्धा-पाऊण मीटर आत राहा. कडेला राहिलात तर मागच्याला वाटतं की जागा आहे, आणि तो घुसतो. शिवाय धार, खडी, काटे सगळे कडेलाच असतात. आंधळं वळण, अरुंद मोरी, फरशी पूल इथे मागे बघून बिनधास्त रस्त्याच्या मध्यावर या, म्हणजे मागच्याला ‘आता थांबायचं’ हे कळतं. ओलांडून झालं की पुन्हा डावीकडे. साइडपट्टीवर उतरावंच लागलं तर चालत्या सायकलवर परत चढायचा प्रयत्न करू नका. थांबा, उतरा, सायकल उचलून वर घ्या. मैत्रिणी मिळून जात असतील तर ते चांगलंच, घोळका लांबून दिसतो. पण आठ-दहा जणींची एकच लांब ओळ नको. तीन-चार जणींचे गट करा आणि दोन गटांत एक एसटी मावेल एवढी जागा सोडा, म्हणजे गाडीला टप्प्याटप्प्याने पुढे जाता येईल. गाडीचा आवाज आला की शेजारी-शेजारी चालणाऱ्यांनी एकामागे एक व्हायचं. हेल्मेट असेल तर घालाच, पण ज्या घरात सायकलच मुश्किलीने आली तिथे बोलणं हेल्मेटपासून सुरू करणं मला योग्य वाटत नाही. आधी ब्रेक. दोन्ही ब्रेक लागतात का, हे दर सोमवारी शाळेत शिक्षकांनी बघितलं तर पाच मिनिटांचं काम आहे.

या सायकलींचं मोल किती ते थोडं सांगतो. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, घर शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत असेल तर, सायकल घ्यायला पैसे मिळतात. आपला जिल्हाही मागासांतलाच: केंद्राने २०१८ मध्ये महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आकांक्षित म्हणून निवडले, त्यांत नंदुरबार, वाशीम, गडचिरोली यांच्यासोबत तोही आहे. सायकलने काय होतं हे बिहारमध्ये मोजलं गेलं आहे. तिथे २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा दिसलं की मुलींची माध्यमिक शाळेतली पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुली यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. जिथे शाळा लांब, तिथे फायदा जास्त. हीच गोष्ट उलटीही खरी असते. वाटेवर एक अपघात झाला की आजूबाजूच्या दहा घरांतले बाप पोरीला सायकल देईनासे होतात, आणि मग शाळा सुटते. त्यामुळे ट्रॉलीवाला दादा, काळी-पिवळीवाला मामा अर्धा मिनिट थांबतो तेव्हा तो कुणाच्या तरी दहावीसाठी थांबलेला असतो.

ड्रायव्हरच्या भरवशावर सगळं सोडूनही चालणार नाही. रस्त्याकडेची बाभूळ वळणं झाकते, ती पावसाळ्यानंतर छाटावी लागते. साइडपट्टी दरवर्षी मुरमाने भरून दाबावी लागते. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, गावरस्ते जिल्हा परिषदेकडे. कुणाकडे अर्ज करायचा हे माहीत नसल्यामुळे कित्येक अर्ज वर्षभर फिरत राहतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, तिच्यापुढे शाळेच्या वाटेवरची धोक्याची जागा मांडता येते. साडेपाच मीटरच्या रस्त्यांवर आणखी एक स्वस्त उपाय करून बघण्यासारखा आहे. नेदरलँड्समध्ये अरुंद ग्रामीण रस्त्यांवर मधली रेघ काढतच नाहीत. दोन्ही कडांना तुटक रेघा मारून सायकलींसाठी पट्टे दाखवतात, मधल्या एका पट्ट्यावरून मोटारी जातात आणि समोरून कोणी आलं तर सायकल नाही हे बघून कडेच्या पट्ट्यावर सरकतात. लागतो तो फक्त रंग. शाळेच्या दोन्ही बाजूंना किलोमीटरभर असा पट्टा मारायला कुणाची जमीन संपादन करावी लागत नाही.

आणि आपल्या जिल्ह्याला असं काही जमणार नाही, असं कुणी म्हणू नये. कोजागरी पौर्णिमेला सोलापूर आणि कर्नाटकातून लाखो माणसं तुळजापूरला पायी येतात. तेव्हा चालणाऱ्यांसाठी सोलापूर-तुळजापूर हा राष्ट्रीय महामार्गच वाहनांना बंद केला जातो आणि वाहतूक दुसरीकडून वळवली जाते. एसटी, ट्रक, मोटारी, सगळे वळसा घालतात आणि कुणी तक्रार करत नाही, कारण चालणाऱ्याचा मान मोठा हे त्या दिवसांत सगळ्यांना मान्य असतं.

अपघात झालाच तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. १०८ वर फोन करा, आणि जखमीला उचलायला घाबरू नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं आहे. मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीला उभं राहायची सक्ती करता येत नाही, आणि मदत करताना काही बरंवाईट झालं तर त्याच्यावर गुन्हाही लागत नाही.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. सोयाबीनची काढणी तेव्हा सुरू असते आणि कारखान्यांचे बॉयलर पेटायचे असतात. त्या सभेत हा विषय मांडा. शाळेच्या वाटेवरची बाभूळ छाटणं, खचलेली साइडपट्टी भरणं, वळणावर रास न घालणं आणि सकाळी व संध्याकाळी शाळेच्या वेळेत त्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली न आणणं, एवढ्या चार गोष्टींचा ठराव करून घ्या आणि त्याची एक प्रत कारखान्याच्या शेतकी कार्यालयातही द्या.